मुकी गाडी

गाडी कुठली घ्यायची यावरून आमच्या घरात जे भांडण झालं, ते ज्यांच्याकडे भांडायला सगळ्यात कमी श्वास होता त्यांनी जिंकलं.

माझा नवरा वायरमन, विजेच्या खांबांवर चढणारा. त्याला मोठी, उंच, टपावर शिडी बांधता येईल अशी गाडी हवी होती. मला आमच्या तान्ह्या लेकीची, टिंगीची, बाबागाडी मागे मावली की पुरे होतं. सासूबाई खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून आमचं ऐकत होत्या. नाकातली नळी त्यांनी कानामागे नीट सारली आणि म्हणाल्या, "हायब्रिड घे."

"आई, तुला काय माहीत हायब्रिड म्हणजे काय ते?"

"मला?" त्यांना हसू आलं, हसण्याबरोबर खोकला आला, आणि आम्ही दोघंही तो संपायची वाट बघत उभे राहिलो. "अरे, जन्मभर... गाड्याच बघितल्या मी. तू किती बघितल्यास?"

ते खरं होतं. सासूबाईंची सगळी नोकरी टोलनाक्यावर गेली. काचेची एवढीशी खोली, तिला अर्धी उघडी खिडकी, आणि त्या खिडकीतून बाहेर काढलेला हात. पावती द्यायची, सुटे द्यायचे, पुढची गाडी. ट्रकचा धूर सोडणारा पाइप बरोबर त्यांच्या तोंडाच्या उंचीला यायचा. संध्याकाळी घरी आल्या की रुमालात नाक शिंकरायच्या आणि रुमाल काळा व्हायचा. माझा नवरा लहान असताना त्याला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांचा शेंबूड काळा असतो. हे तो आजही हसून सांगतो. म्हणजे सांगायचा.

"शेवटी शेवटी त्या गाड्या यायला लागल्या," सासूबाई थांबत थांबत म्हणाल्या. "रांगेत असायच्या. माझ्यापुढे येऊन उभ्या राहायच्या. नुसत्या. घरघर नाही. धूर नाही. मला आधी वाटायचं, बंद पडली की काय. मग कळलं, उभी राहिली की तिचं इंजिनच थांबतं. तेवढ्यात मी एक मोठा श्वास घेऊन टाकायचे. पुढच्या ट्रकसाठी."

"पण आई, आता तू कुठे नाक्यावर आहेस?"

"मी नाही. पण तिथे कुणीतरी बसलेलीच आहे ना."

पुढच्या महिन्यात आमच्या दारात पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड उभी होती.

गाडी आली आणि हा माणूस तिच्या प्रेमात पडला. शिडीची गोष्ट विसरलाच. ब्रेक दाबला की त्या जोराची वीज होऊन बॅटरीत परत जाते हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं, की टिंगीचा पहिला शब्द 'ब्रेक' असेल अशी मला भीती वाटायला लागली. पेट्रोलचा खर्च निम्म्यावर आला. गर्दीत अडकलो तरी टिंगीची झोप मोडत नसे, कारण अडकलेल्या गाडीला आवाजच नसे. आणि मागच्या डिकीत घरातल्यासारखं सॉकेट होतं. साधा प्लग बसेल असं. "उद्या लाइट गेली ना," तो म्हणायचा, "तर ही गाडी आपलं घर चालवेल. आईचं मशीन चालवेल. बॅटरी संपत आली की स्वतःच इंजिन सुरू करते, बॅटरी भरते, परत गप्प. आपण हातसुद्धा लावायचा नाही." खांबावर चढणाऱ्या माणसाचा विजेवर फारसा विश्वास नसतो. त्याने लांब वायर आणून ठेवली, खिडकीच्या चौकटीला ती आत घ्यायला भोक पाडलं, आणि एका रविवारी आम्हाला सगळं करून दाखवलं. सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन गाडीवर चाललं. टिंगीने टाळ्या वाजवल्या. ती तेव्हा कशालाही टाळ्या वाजवत असे.

गाडीला 'मुकी' हे नाव शेजारच्या सुतारकाकांनी दिलं.

"सूनबाई, गेली का तुमची मुकी कामाला?" कुंपणापलीकडून रोज विचारायचे. "अहो, गाडी म्हटली की कसं, सुरू झाली की गल्लीला कळलं पाहिजे. ही म्हणजे चोरासारखी निघते." त्यांची स्वतःची पिकअप डिझेलची होती, आणि ती सुरू झाली की गल्लीलाच काय, पलीकडच्या गल्लीलाही कळायचं. ती सुरू झाली की मी धावत जाऊन सासूबाईंची खिडकी लावायचे. काकांच्या हे लक्षात आलं, तेव्हापासून ते पिकअप ढकलत कोपऱ्यापर्यंत नेऊन मग सुरू करायला लागले. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मुकीची चेष्टाही थांबवली नाही. असा माणूस.

सुतारकाका लाकडाला पॉलिश करण्यात नावाजलेले. पण इतकी वर्षं बंद खोलीत पॉलिश आणि थिनरच्या वाफेत काढल्यामुळे त्यांचं नाक कायमचं गेलं होतं. काही म्हणजे काही वास येत नसे. त्यामुळे त्यांच्या कारखान्यातून दिवसातून अनेकदा हाक यायची, "अगं ए, नाक पाठव!" मग काकू हातातलं काम टाकून जायच्या, डबा हुंगायच्या आणि सांगायच्या, "हे थिनर," "हे टर्पेंटाइन," "हे डिझेल, ते तिकडे ठेवा." ते डबेही सगळे सारखे, एकाच ठिकाणाहून आणलेले. लिहून ठेवा म्हटलं तर काका म्हणायचे, "लिहिलेलं पुसलं जातं. बायको पुसली जात नाही."

"नाक माझं, आणि मिरवतात हे," काकू म्हणायच्या. पण जायच्या.

वादळ दुपारी आलं. आधी उजेड गेला, मग आवाज आला, आणि मग शाळेच्या मैदानावरचं पत्र्याचं छप्पर आमच्या घरांवरून पाखरासारखं उडत गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. माझा नवरा तेव्हा कामावर होता, नदीच्या पलीकडे. संध्याकाळी पुलावरून पाणी गेलं. त्याचा एक फोन आला, अर्धवट. "तारा सगळ्या खाली आहेत... आईला गाडीवर... मी जमेल तसा..." आणि रेंज गेली, ती गेलीच.

मी घाबरले नाही, असं नाही. पण हात चालत होते. गाडी खिडकीखाली आणली, पण धुराचं तोंड घराकडे येणार नाही अशी, तो शिकवून गेला होता तशी. वायर आत घेतली, भोकात फडकं कोंबलं, मशीन लावलं. बटण दाबताना डोळे मिटून घेतले. मशीन घुं घुं करायला लागलं. सासूबाईंच्या ओठांचा निळसरपणा हळूहळू ओसरला आणि त्यांनी पहिलं वाक्य काय बोलावं?

"बघ. आणि म्हणत होता शिडी."

ती गाडी नसती तर त्या त्याच संध्याकाळी गेल्या असत्या. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण नंतर लोक काय काय बोलले. घरात एक छोटा सिलिंडर होता, तो थोडेच तास पुरणारा; मोठा होता तो रिकामा. दवाखाना पुलापलीकडे. अँब्युलन्सला रस्ता नाही. आम्ही त्या दिवसांत जगलो ते मुकीच्या जोरावर.

दिवस कसे गेले ते सांगायचं तर मला गाडीचाच हिशेब आठवतो. बराच वेळ ती गप्प उभी असायची. मग आपली आपण कुरकुरत सुरू व्हायची, थोडा वेळ चालायची, पुन्हा गप्प. टिंगीला दूध पाजताना मी त्या आवाजाची वाट बघायचे. सुरू झाली की जीव भांड्यात. बंद झाली की पेट्रोलचे आकडे बघायला पळायचे. टाकी वादळाच्या दिवशी अर्ध्याहून थोडी वर होती. पंप सगळे बंद, कारण पेट्रोल वर खेचायलाही वीज लागते. हे कुणाच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

गल्लीतले लोक यायला लागले. टॉर्च, फोन, एकाचा रेडिओ. सासूबाई सगळ्यांना हो म्हणायच्या.

"आई, प्रत्येक थेंब तुमचा आहे," मी एकदा चिडून म्हटलं.

"फोन किती खातो गं? उंदराएवढं."

"उंदीरही रोज आले तर पोतं संपवतात."

"मग मांजर हो तू." त्या डोळे मिटून हसल्या. "ये, माझ्याजवळ बस. त्या पोरीला खाली ठेव आणि जरा पाठ टेक. तुझ्या डोळ्यांकडे बघवत नाही."

त्या दिवसांत त्या मला इतक्या जवळच्या वाटल्या, की लाज वाटते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांची औषधं, नळ्या, पाणी बदलणं, सगळं केलं, पण ते कामासारखं. आता त्या खोलीत आम्ही तिघी आणि बाहेर एक गाडी. टिंगी त्यांच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची आणि त्या तिच्या केसांवरून हात फिरवत मला नाक्यावरच्या गोष्टी सांगायच्या. एक माणूस रोज सुटे नाहीत म्हणून फूल द्यायचा. एक बाई रडत गाडी चालवत यायची, रोज, आणि पावती घेताना डोळे पुसून "थँक्यू" म्हणायची. "मला तिला विचारायचं होतं," सासूबाई म्हणाल्या, "पण मागचा ट्रक भोंगा वाजवायचा."

पेट्रोल शेवटच्या रेघेवर आलं, त्या दिवशी कुंपणापाशी काकू भेटल्या. मला रडू आवरलं नाही. म्हटलं, "काकू, उद्या दुपारपर्यंत पुरेल फार तर. मग काय करू?"

"ह्यांच्याकडे असेल," काकू म्हणाल्या. "लाकूड कापायच्या मशीनला पेट्रोल लागतं ना. कारखान्यात पाणी शिरलं तेव्हा सगळे डबे मी माळ्यावर टाकलेत. उजाडलं की काढून बघते. तू रडू नकोस. दूध आटेल."

काका मागे उभे होते. ते गाडीकडे बघत होते. मग म्हणाले, "मुकी आहे, पण गुणाची निघाली हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती उशिरा. रात्री टिंगीने बऱ्याच वेळा उठवलं होतं, आणि मी खुर्चीतच लवंडले होते. मशीन चालू होतं. सासूबाई जाग्या होत्या. त्यांना झोप अशी येतच नसे, त्या फक्त डोळे मिटायच्या.

"गंमत सांगू?" त्या म्हणाल्या. चेहरा खुललेला. "सुतार आला होता. उजाडता उजाडता. हातात डबा. मला खिडकीतून दिसला. तोंडावर बोट ठेवून मला म्हणाला, गप्प. चोरासारखा वाकून सगळा डबा ओतला टाकीत, आणि गेला."

मी धावत गाडीत जाऊन बघितलं. काटा वर आला होता. खरंच वर आला होता. मी तिथेच चालकाच्या जागेवर बसून हसले आणि रडले, दोन्ही. इतके दिवस जिची चेष्टा केली तिला उघडपणे मदत करायची म्हणजे काकांना अवघड, हे मला कळत होतं. आत येऊन सासूबाईंना म्हटलं, "आता काही काळजी नाही." त्यांनी मान डोलावली. "त्याला आत्ताच काही बोलू नकोस. चोराला आधी चोरी पचू दे."

मुकी गप्प उभी होती. बॅटरी रात्री भरून झाली होती, त्यामुळे सकाळचा बराच वेळ इंजिनाची गरज पडली नाही. मी टिंगीला अंघोळ घातली. कपडे पिळले. त्या सकाळइतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मग इंजिन सुरू झालं. सुरुवातीला नेहमीसारखंच. थोड्या वेळाने ते खोकलं. गाडी हादरायला लागली, आतून कुणीतरी लोखंडावर ठोकल्यासारखा आवाज. मी बाहेर धावले. मागून पांढरा धूर येत होता, दाट, जड, जमिनीवर पसरणारा. मी आजवर त्या गाडीतून धूर आलेला पाहिलाच नव्हता. एकदा मोठा हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं. परत प्रयत्न केला तिने, स्वतःच. परत धूर. परत बंद. समोरच्या पडद्यावर एक तांबडी खूण लागली.

खिडकीतून मशीनचा आवाज अजून येत होता. बॅटरीत उरलेल्या विजेवर.

मी आत आले. सासूबाईंनी मला दारातच थांबवलं, हात वर करून. मग नळी नाकातून किंचित बाजूला केली आणि माझ्या दिशेने श्वास आत ओढला.

"जवळ ये."

मी वाकले. त्यांनी माझ्या बाहीला नाक लावलं.

"डिझेल," त्या म्हणाल्या.

मला काही समजलं नाही. मग एकदम समजलं. सकाळी काकांनी कुणाला हाक मारली नव्हती. मला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून ते एकटेच माळ्यावर चढले होते, अंधुक उजेडात, आणि सारख्या डब्यांतला एक घेऊन आले होते. नाक घरात झोपलेलं होतं.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं. "पेट्रोलचा डबा असेलच तिथे. टाकी रिकामी करू, पेट्रोल घालू..."

"तुला येतं करायला?"

"काकांना येईल. कुणाला तरी येईल."

त्यांनी मान हलवली. नाही. आणि मला ते माहीत होतंच, माझ्याच नवऱ्याने मला शंभरदा ऐकवलेलं होतं. चुकीचं इंधन इंजिनात गेलं की टाकी, नळ्या, सगळं सोडवून धुवावं लागतं. ते गॅरेजचं काम. शिवाय ही गाडी आपलं इंजिन मोठ्या बॅटरीच्या जोरावरच फिरवते. मशीन ती बॅटरी आता शेवटपर्यंत ओढणार होतं. बॅटरी संपली की मुकीला स्वतःला उठवण्याइतकीही ताकद राहणार नव्हती. आणि बॅटरी वाचवायची तर मशीन बंद करायचं.

"छोटा सिलिंडर आहे," मी म्हटलं.

"आहे ना. मग लाव. घाबरतेस काय?" आणि माझा हात धरून, एकेक शब्द मोजून टाकल्यासारखा, म्हणाल्या, "पण सुताराला हे कळू द्यायचं नाही. कधीच. कळलं? त्याने चांगल्या मनानं... माझ्यादेखत ओतलं. मी हसत होते. मीच हसत बघत होते."

मी रडायला लागले तर म्हणाल्या, "शपथ बिपथ नको. नुसतं हो म्हण."

मी हो म्हटलं.

काकांना मी एवढंच सांगितलं की गाडी बिघडली. ते ओले पाय घेऊन दारात आले होते. ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बिघडली? आत्ता? पेट्रोल आहे ना पण?" मी मान खाली घातली. काकांनी आमचा रिकामा मोठा सिलिंडर पाठीवर बांधला आणि तो भरून आणायला निघाले, नदीकडे. त्यांचं वय, गुडघे, सगळं ठाऊक असलेल्या काकू त्यांच्या मागे ओरडत गेल्या, "अहो, पाणी छातीपर्यंत आहे! अहो!" ते वळले नाहीत.

दुपारी मशीन थांबलं. आधी शिटी वाजली, मग घुं घुं खोल जात गेली आणि गेली. मी सिलिंडर लावला. चावी शक्य तितकी कमी ठेवली. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. बोलणं बंद केलं होतं त्यांनी, श्वास वाचवायला. एकदाच बोट हलवून टिंगीला जवळ मागितलं. मी तिला त्यांच्या कुशीत ठेवलं. टिंगीने नेहमीप्रमाणे नळी ओढायला हात पुढे केला, आणि इतके दिवस "नाही हं" म्हणणाऱ्या आजीने तिला नळी धरू दिली. नुसती धरू दिली. मूठ घट्ट मिटून ती तशीच झोपून गेली.

मी चावीवर हात ठेवून बसले होते. काट्याकडे बघत. काटा खाली येतो तो असा येत नाही की दिसावा. बघता बघता तो खाली असतो.

नंतर खोलीत कुठलाच आवाज उरला नाही, तेव्हा मला कळलं की शेवटचा बराच वेळ मी त्यांचा श्वास ऐकत नव्हते, टिंगीचा ऐकत होते.

काका परतले ते अंगावर चिखल आणि पाठीवर तोच रिकामा सिलिंडर घेऊन. पुलापाशी पाण्याने त्यांना खाली ओढलं होतं, कुणीतरी दोर टाकून काढलं. त्यांनी सिलिंडर आमच्या ओट्यावर ठेवला, आत डोकावून बघितलं, आणि तिथेच उकिडवे बसले.

माझा नवरा आला तेव्हा पाणी ओसरलं होतं. त्याच्या हाताला तारांचे कापे होते. नदीपलीकडच्या सगळ्या वस्तीत वीज सुरू करून तो आला होता. तो बराच वेळ आईच्या पायाशी बसून राहिला. मग उठून गाडीकडे गेला. मला खिडकीतून दिसत होतं. त्याने टाकीचं झाकण काढलं, वाकला, वास घेतला. तसाच वाकून राहिला.

आत येऊन त्याने हळू आवाजात विचारलं, "कुणी घातलं?"

"आईंनी सांगू नको म्हणून सांगितलंय."

"मी तिचा मुलगा आहे."

"हो."

"मग?"

"मी त्यांना हो म्हटलंय," मी म्हणाले. त्याने भिंतीवर मूठ आपटली. जोरात नाही. टिंगी झोपली होती ना.

दुसऱ्या दिवशी सगळं उरकल्यावर गल्लीतले लोक आमच्याकडे येऊन बसले. पुढच्या खोलीत, जमिनीवर, खुर्च्यांवर, दारात. लोक अशा वेळी बोलतात तसंच बोलत होते. एक जण म्हणाला, "या नवीन गाड्यांचा काही भरवसा नाही. जुनी गाडी असती तर दगा दिला नसता." दुसऱ्याने मान डोलावली. मी म्हणाले, "ती गाडी नसती तर आई पहिल्याच संध्याकाळी गेल्या असत्या." माझा आवाज एवढा चढला की सगळे गप्प झाले.

त्या शांततेत सुतारकाका बोलायला लागले.

ते भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या बाजूला काकू. काकूंनी आल्यापासून डोळे वर केले नव्हते. त्या हाताच्या बोटांनी आपल्याच ओढणीचं टोक पिळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा पिळत होत्या. त्या सकाळी त्यांना कुणी हाक मारली नव्हती, आणि माळ्यावर पेट्रोलचा डबा तसाच भरलेला राहिला आहे, हे त्यांनी पाहिलं असणार. काकूंनी काकांना सांगितलेलं नाही, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं.

"गाडीची काही चूक नाही हो," काका म्हणाले. आवाज फाटलेला. "मीच नावं ठेवली तिला. पण ती शेवटपर्यंत झटली. पेट्रोल संपत आलंय कळलं, तेव्हा मी म्हटलं, वहिनींचा श्वास थांबता कामा नये. उजाडता उजाडता मीच आणून ओतलं. माझ्या हातानं. डबा पुरता पालथा केला हो, थेंब ठेवला नाही. वहिनी खिडकीतून बघत होत्या. हसल्या माझ्याकडे बघून..."

माझ्या शेजारी माझा नवरा ताठ झाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, तरी मला कळलं. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागून होता आणि तो गुडघा दगड झाला. त्याचा एक हात जमिनीवर टेकला, उठण्यासाठी टेकतात तसा.

काकू आता माझ्याकडे बघत होत्या. थेट.

मी टिंगीला उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

तो उठू शकला नाही. त्याने तिला दोन्ही हातांनी धरलं, इतकं घट्ट की ती दचकून रडायला लागली. तोंड वर करून, लाल होऊन, खोलीभर. तिच्या फुप्फुसात हवाच हवा.

"रडू दे रे तिला," काका डोळे पुसत त्याला म्हणाले. "आजीची सवय होती. रडणारच ना."

माझ्या नवऱ्याने काकांकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग पकड सैल केली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवर थोपटत म्हणाला, "हो काका."